खुनी आधीच सांगणारी गोदू

ये गो कुसुम, अशी जवळ सरक. कागदावर का होईना, पण सरक. लांबून ओरडून सांगायची ही गोष्ट नव्हे. आणि आधी चार बोलणी खा. वैशाखात तुझं पत्र आलं, "मावशी, उन्हाळ्याच्या अखेरीस वाचायला बऱ्या अशा रहस्यकादंबऱ्यांची नावं कळव, ह्यांच्या साप्ताहिकाच्या पुरवणीत घालायची आहेत." मी उलट टपाली लिहिलं की गोदू अंथरुणाला खिळली आहे, येऊन भेटून जा. तुझं उत्तर काय, तर "येते हं सवडीनं, नावं तेवढी पाठव." मग गोदू गेली. तेही कळवलं. त्यावर तू लिहितेस, "फार वाईट झालं. मग त्यांच्यावरच लिही ना." वा गो शहाणे! जित्या माणसाला भेटायला तुला बोट मिळाली नाही, पण मेलेल्या माणसासाठी रकाना मिळाला. बरं, लिहिते. मला कुणी शाळेत घातलं नव्हतं, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तू बघून घे. पण मजकूर कापलास तर गाठ माझ्याशी आहे.

गोदू म्हणजे आमची शेजारीण. तिचं मागचं दार आणि आमचं मागचं दार समोरासमोर, मधे पोफळीच्या दोन रांगा आणि एक विहीर. आम्ही दोघी एकाच वर्षी ह्या आळीत लग्न होऊन आलो. माझी कूस उजवली, तिची नाही. एवढ्यावरून आमच्या आळीनं तिचं काय केलं ते सांगितलं तर तुम्हा मुंबईकरणींना खोटं वाटेल. डोहाळजेवणाला तिला बोलावणं नाही. बारशाला बोलावणं नाही. एखादीनं नवं लुगडं घडी मोडायला काढलं आणि समोरून गोदू आली, तर लुगडं पुन्हा पेटीत जायचं. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही, बरं का... नुसतं पोर कडेवर असलं की ते दुसऱ्या कडेवर घ्यायचं, गोदू नसेल त्या बाजूला. नवरा मुंबईला कापडाच्या पेढीवर. विष्णुभाऊजी त्यांचं नाव. वर्षातून एकदा, वैशाखात यायचे आणि बोटी बंद व्हायच्या आत शेवटच्या आगबोटीनं परत जायचे. म्हणजे बाकीचं सगळं वर्ष गोदू, तिची गाय आणि आळीच्या पाठी.

असं चाललं असताना एका वैशाखात भाऊजींनी तिला एक पुस्तक आणलं. खुनाचं. गोदूला वाचता येत होतं. तिचे वडील तलाठ्याच्या हाताखाली होते, त्यांनी शिकवलं होतं. तिनं ते वाचलं आणि दुपारी फणसपोळ्या घालताना आम्हाला सांगायला लागली. बंगल्यात म्हातारा मरून पडलाय, दार आतून बंद, खिडकीला गज... आमचे हात तसेच राहिले. सांडग्यांवर कावळे बसले तरी कुणाला भान नाही. दुसऱ्या दिवशी यशोदा, जी गोदूला बघून पदर सावरायची, ती आपण होऊन तिच्या पडवीत येऊन बसली. "गोदूवहिनी, पुढे काय झालं हो?" त्या दिवशी गोदूला कळलं की आपल्या हाती काय लागलं आहे.

मग दर वर्षी खुनाचं पुस्तक यायला लागलं. हळूहळू आळीतल्या आणखी दोघीतिघींना अक्षरओळख झाली, तसं ते घरोघर फिरायला लागलं. आधी गोदूनं वाचायचं. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून यशोदेकडे, तिथून पुढे. आणि हे सगळं पावसाच्या आत. कारण एकदा मृग लागला की लावणी, गुरं, सर्दावलेलं घर... पुस्तक मांडीवर घेऊन कोण बसतंय! आमसुलं वाळत घालायची, सोडे भरून ठेवायचे, छपरावर झापं चढवायची, आणि मृगाच्या आत खुनी सापडला पाहिजे, अशी आमच्या आळीची उन्हाळ्याची कामं.

पण पुस्तक घरोघर फिरायला लागलं त्याच वर्षी गोदूनं एक पायंडा पाडला. तिचं कुणाशी वाजलं की ती त्या बाईला खुनी सांगून टाकायची. झालं, पुस्तक मेलं! यशोदेच्या डोहाळजेवणाला तिला बोलावलं नाही, तर सातवा महिना संपायच्या आत विहिरीवर, ही गर्दी बायकांची, यशोदेची कळशी अर्ध्यात आलेली, आणि गोदू रहाटावरून वाकून म्हणते, "यशोदे, तुझं कुठवर आलंय गो वाचून?"

"भुयारापाशी आलेय," यशोदा बिचारी खुशीत.

"मुनीम," गोदू म्हणाली. एवढंच. आणि घागर कमरेवर घेऊन निघून गेली.

यशोदा तिथल्या तिथे रडायला लागली. दिवस गेलेल्या बाईला रडवलं म्हणून सगळ्यांनी गोदूला शिव्या घातल्या, आणि त्याच बायका संध्याकाळी पिकलेल्या फणसाचे गरे घेऊन तिच्या दारात. "वहिनी, मला नका हं सांगू." पुढच्या बारशापासून गोदूला पहिलं आमंत्रण. ओटी तिनं भरायची, पाळण्याची दोरी तिच्या हाती. प्रेमानं नव्हे हो... भयानं. पण माणसाला भयाचाही पाट पाटच वाटतो, इतकी वर्षं जमिनीवर बसल्यावर.

आमच्या सासूबाईंचं तर विचारू नकोस. पाय गेलेले, दिवसभर खाटेवर, आणि तोंड म्हणजे कोयता. गोदूला त्यांनी एकदा "वांझेची सावली" म्हटलं होतं. पुढे त्यांना पुस्तकाचा नाद लागला. मी रोज थोडं थोडं वाचून दाखवायची, त्यांना तेवढाच विरंगुळा. एक दिवस गोदू आली. त्यांना पेज भरवली, तोंड पुसलं, उशी नीट केली, इतकं मायेनं की मला वाटलं मनातलं गेलं वाटतं हिच्या. मग वाकून त्यांच्या कानात म्हणाली, "डॉक्टर."

सासूबाई किंचाळल्या, "मेले, तुझ्या तोंडात माती पडो!"

"पडेल की," गोदू पेजेचं भांडं उचलत म्हणाली, "पण तुमच्या नंतर."

आणि खरंच, त्यांच्या नंतरच पडली.

मी वाचायला शिकले ती ह्याच धसक्यानं. गोदूकडून ऐकत बसायचं तर सगळं तिच्या मर्जीवर. तिची मर्जी फिरायच्या आत आपलं आपण संपवलं पाहिजे. किराण्याच्या पुड्यांचे कागद, पंचांग, पेटीवरचं पत्र्याचं नाव, मिळेल ते चाचपडत वाचलं. जोडाक्षरं गोदूनंच शिकवली, मला ती कधी दगा देत नसे. तिची आणखी एक कीर्ती होती. तिसऱ्या प्रकरणात खुनी ओळखायची. भाऊजी पुस्तक आणून देत, ती दुपारी वाचायला बसे, आणि ऊन कलायच्या आत मला हाक मारे, "अंबू, कळला गो!" अंबू म्हणजे मी. शेवटी तोच निघायचा. आळी म्हणायची, बाई पुरुष असती तर फौजदार झाली असती.

एका वर्षी गोदू हिवतापानं पडली होती, म्हणून किनाऱ्यावर मी गेले. बोट लांब पाण्यात उभी राहते, माणसं पडावातून किनाऱ्याला येतात, तसे भाऊजी आले. ओझं फार होतं, म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडे दिलं, "वहिनी, एवढं गोदूला द्या." मी चालता चालता उघडलं. तुला माहीत आहे, कोऱ्या पुस्तकाची पानं कडेनं जोडलेली असतात, चाकूनं फाडावी लागतात. ह्याची सगळी फाडलेली. म्हटलं, भाऊजींनी बोटीवर वाचलं असेल. आणि एका पानावर, एका नावाखाली, काळा ठिपका. शाईचा नव्हे. बोटाला लागला, तेलकट. काजळ. पोराला तीट लावतो ना आपण, अगदी तेवढा.

गोदूनं वाचून पुस्तक माझ्याकडे दिलं तेव्हा तो ठिपका नव्हता. नखानं खरवडून काढलेला. कागद तिथे इतका विरलेला की उन्हात धरला तर पलीकडचं दिसेल. आणि खुनी तोच निघाला, त्या नावाचा. मी पुस्तक घेऊन तिच्याकडे गेले. ती पडवीत सुपारी सोलत बसली होती. मी नुसतं ते पान तिच्यापुढे धरलं.

गोदूनं हातातली सुपारी सोलून बाजूला टाकली. मग म्हणाली, "तुला काय वाटलं, मी हुशार आहे?"

"कोण गो ती?"

"काय माहीत. गिरगावात असते म्हणे. ह्यांच्या धोतराला वेगळ्याच साबणाचा वास येतो. वाचायला येतं तिला, म्हणजे शिकलेली असेल. आणि डोकं चांगलं आहे. कधी चुकली नाही."

पहिल्या वर्षी गोदूला तो डाग वाटला होता. दुसऱ्या वर्षीही खुन्याच्याच नावाखाली आला, तेव्हा कळलं. पुस्तक आधी तिकडे वाचलं जात होतं, आणि जिनं वाचलं तिनं मुद्दाम, पहिल्यांदा नाव येतं तिथेच, खुनी दाखवून दिला होता. म्हणजे बघ, जिला सगळी आळी पहिली वाचणारी म्हणून पाट देत होती, ती दर वर्षी दुसरी होती. जी बाई साऱ्यांचे खुनी फोडायची, तिला स्वतःला एकही पुस्तक कोरं वाचायला मिळालं नव्हतं.

"अगो, मग भाऊजींना विचार की!" मी म्हटलं.

"विचारलं तर पुस्तक बंद होईल. आणि पुस्तक बंद झालं तर..." तिनं विहिरीकडे बघितलं, तिथे बायका पाणी भरत होत्या. "ह्या मला पुन्हा जमिनीवर बसवतील. कळलं? नवरा गेला त्याचं एवढं नाही. आळी जाईल."

"निदान ठिपका बघू तरी नकोस."

"आणि न बघता खोडू कशी?" गोदू हसली. असं हसली की मला उठून जावंसं वाटलं. "मीही गप्प बसलेली नाही. ह्यांच्याबरोबर दर वर्षी फणसपोळ्या जातात ना, त्या खातं कोण? एका वर्षी ताटांना खोबरेलाऐवजी एरंडेल चोपडलं."

"मग?"

"पुढच्या वर्षी दोन ठिपके आले. एक खुन्याच्या नावाखाली, आणि एक जो अजून मरायचाय त्याच्या."

अशा त्या दोघी. एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही. मधे आगबोट, वर्षातून एकदा इकडून फणसपोळी तिकडे आणि तिकडून खून इकडे. भाऊजी बापडे दोन्हीकडची ओझी उचलत होते, आणि आपल्या पेटीत काय भांडण भरलंय त्याचा त्यांना पत्ता नव्हता. गोदूनं मला बजावलं, "मी आहे तोवर गप्प. मेल्यावर सगळ्यांना सांग, ह्यांनासुद्धा. आळीला मग काय करायचं ते करू दे, मी थोडीच जेवायला येणार आहे!" मी गप्प राहिले.

यंदा गोदूचं पोट पाण्यानं फुगलं, हातापायांच्या काड्या झाल्या. डोळ्यांत तर दोन वर्षांपूर्वीच मोतीबिंदू उतरला होता; पुस्तक तिला मीच वाचून दाखवत होते, आणि ठिपका आला की थांबून सांगत होते. त्याशिवाय ती पुढे जाऊ द्यायची नाही. भाऊजी आले. वाळलेले, आणि मिशी नाही. एवढ्या झुपकेदार मिशा त्यांच्या! म्हटलं, शहरातली नवी तऱ्हा असेल. त्यांनी पुस्तक गोदूच्या उशाशी ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले. गोदूनं ते पोटावर घेतलं, अंगठा कडेवरून फिरवला... आणि थांबली.

"अंबू, ह्याची पानं जोडलेली आहेत."

"हो गो. कोरं आहे."

"ठिपका बघ."

"पानंच बंद आहेत, तर ठिपका कुठून येणार?"

तिनं अंगठा पुन्हा एकदा कडेवरून फिरवला. मग म्हणाली, "ह्यांना मिशी आहे का?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊजींचे आईवडील जाऊन किती वर्षं झाली, भाऊ नाही, काका नाही. ज्याच्या क्रियेला मिशी उतरवावी असं दुसरं होतं कोण? मी म्हटलं, "नाही."

गोदूनं त्यांना आत बोलावलं. "तिकडे सगळं बरं आहे ना?"

"कुठे?"

"मुंबईत."

"हो... बरंच म्हणायचं."

"मिशी काढलीत म्हणे."

"उकाड्यानं," भाऊजी जमिनीकडे बघत म्हणाले.

"उकाडा काय यंदाच झाला?" गोदू म्हणाली. त्यांचा हात ओठाकडे गेला. मग गोदू अगदी सावकाश, घरातलं काम सांगावं तसं म्हणाली, "आता वाढवू नका. लगेच पुन्हा काढावी लागेल."

माणूस दाराला धरून बाहेर गेला. मी गोदूला म्हटलं, "हे काय बोललीस!" तर म्हणते, "मला वाटायचं ठेवलेली असेल. क्रिया ह्यांनी केली म्हणजे तीही बायकोच होती. एवढं मात्र तिनं कधी दाखवलं नाही हो."

मग मी चाकू घेऊन पानं फाडायची आणि वाचायची. गोदू जन्मात पहिल्यांदा कोरं पुस्तक ऐकत होती. मला वाटलं होतं, चला, शेवटी तरी हिला मजा येईल. कसली मजा! ती घाबरायला लागली. "हा सावत्र भाऊ असणार," म्हणाली. तो दुसऱ्याच प्रकरणात मेला. मग म्हणाली स्वयंपाकीण, तीही नव्हे. मग वकील. सगळं चुकत गेलं. जिनं सारी हयात आळीला तिसऱ्या प्रकरणात खुनी सांगितला, तिला एकही ओळखता येईना. चिडायची, "लिहिणारा लबाड आहे मेला!" छाती धपापायची. तिला वाटत होतं मी हसतेय. चारचारदा हात लावून माझं तोंड चाचपायची. बाहेर वळीव पडून गेला. शेवटची बोट दुसऱ्या दिवशी सुटायची होती, पण भाऊजी थांबले. का थांबले ते गोदूला समजलं होतं, आणि तिनं त्याला नावही ठेवलं नाही.

पुस्तक अर्ध्याच्या जरा पुढे आलं होतं. गोदूचा श्वास लागला. मी पुस्तक मिटायला लागले तर माझं मनगट धरून म्हणाली, "सांग."

"काय?"

"खुनी. शेवटची पानं फाड आणि सांग मला."

मी फाडली. घाईत एक पान वाकडं गेलं. नाव सापडलं, तशी मी वाकून तिच्या कानात सांगितलं. तिनं माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "तो? माझ्या तर ध्यानातही आला नसता." आणि थोड्या वेळानं, "तिनं पहिल्याच पानावर ओळखला असता गो."

नवऱ्याबद्दल तिला आयुष्यात एवढ्या मानानं बोलताना मी कधी ऐकलं नाही. त्यानंतर पाणी मागितलं, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. भाऊजींच्या ओठावर अजून नुसते खुंट होते. न्हाव्यानं वस्तरा फिरवला, पण काढण्यासारखं फार काही नव्हतं.

भाऊजी इथेच आहेत. तिकडे कुणी नाही, इकडे कुणी नाही, जेवणाचं ताट मी पोचवते. परवा मला विचारत होते, "गोदूला यंदाचं पुस्तक आवडलं का हो?" मी म्हटलं, उत्तर पुरवणीत छापून येईल, ते वाचा. तेव्हा भाऊजी, ही पुरवणी तुमच्या हातात असेल. वाचलंत ना? दर वर्षी काय आणत होता ते आता कळलं असेल. तिचाच निरोप आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही.

आळीचं सांगायचं तर पुस्तक रिवाजाप्रमाणे यशोदेकडे गेलं. पावसाच्या आधी फडशा पाडणारी बाई, काल तिनं ते अर्ध्यातूनच परत आणून दिलं. मी म्हटलं, का गो? तर म्हणाली, "वाचवत नाही हो. कुणी सांगून टाकील अशी भीतीच नाही, मग घाई कसली?" बाकीच्यांनी तर मागितलंसुद्धा नाही. कोनाड्यात पडलंय, ते एक वाकडं फाटलेलं पान बाहेर आलेलं, पावसाळी हवेनं जाड झालेलं. विहिरीवर हल्ली बायका नुसतं पाणी भरतात आणि जातात.

तू नावं मागितली होतीस. मला एकाही पुस्तकाचं नाव आठवत नाही कुसुम, सगळी पुस्तकं मला खुन्यांवरूनच आठवतात, आणि ते छापलंस तर तुझे वाचक मला मारायला येतील. म्हणून तूच ये. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या की ये, सवडीची वाट बघू नकोस. सवड बघणाऱ्या माणसांनीच गोदूला शेवटचं पाहिलं नाही. येताना एक नवं कोरं खुनाचं पुस्तक आण. बोटीवर बसून पुरतं वाचून काढ. आणि पडावातून उतरलीस, मी किनाऱ्यावर उभी दिसले, की माझी खुशाली विचारायच्या आधी मोठ्यानं ओरडून मला खुनी कोण ते सांग.